आगोटीच्या सामानात विजेचा डबा

तुमचा प्रश्न असा आहे : आई-वडील दोघेच दापोली तालुक्यातील गावी राहतात. वडिलांना इन्सुलिन घ्यावे लागते, आईला दम्यासाठी अधूनमधून नेब्युलायझर लागतो आणि पावसाळ्यात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. तेव्हा वीस हजार रुपयांच्या आत त्यांच्यासाठी कोणती उपकरणे घ्यावीत, आणि जाहिरातीत ‘सगळे घर चालवते’ असे दाखवतात ते पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठ्या बॅटरीची पेटी, घ्यावे का? शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो. या पैशांत पॉवर स्टेशन घेऊ नका. त्याची कारणे पुढे येतीलच, पण त्याआधी तुमच्या आई-वडिलांना नेमके काय लागणार आहे ते पाहू.

मी सव्वीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात वायरिंगची, इन्व्हर्टरची आणि अलीकडे सौर पॅनेलची कामे करतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, त्यानंतरचे काही आठवडे मी दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील गावांतच होतो. खांब मोडले होते, डीपी, म्हणजे गावचे ट्रान्सफॉर्मर, आडवे झाले होते, माडाच्या झापांत तारा गुंतल्या होत्या, आणि अनेक वाड्यांत कित्येक आठवडे अंधार होता. त्या दिवसांत मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. पहिल्या रात्री जवळजवळ प्रत्येक घरात काहीतरी उजेड होता. दुसऱ्या रात्री निम्म्या घरांत होता. तिसऱ्या रात्री मात्र ज्यांच्या घरी मोठा इन्व्हर्टर होता तेही, आणि ज्यांच्याकडे फक्त टॉर्च होता तेही, सारखेच काळोखात बसले होते. उजेड टिकला तो ज्यांनी आपली वस्तू पुन्हा कुठे भरून आणायची हे ठरवले होते त्यांच्या घरी. एका गावात पिठाच्या गिरणीवाल्याने जनरेटर लावला होता. तो दिवसातून दोन तास चालायचा आणि त्या दोन तासांत पडवीत चाळीस-पन्नास मोबाइल एकमेकांत गुंतलेल्या वायरींनिशी मांडलेले असायचे. म्हणून उपकरण किती साठवते हा प्रश्न मी दुसरा धरतो. तिसऱ्या दिवशी ते कशावर आणि किती वेळात भरेल, हा पहिला.

आता हिशेब करू. तो वॉट-तासांत करायचा असतो, मिलिॲम्पिअर-तासांत नाही आणि नुसत्या वॉटांतही नाही. उपकरण किती वॉट खाते त्याला ते किती तास चालते त्याने गुणले की वॉट-तास येतात. वडिलांच्या स्मार्टफोनची पाच हजारी (मिलिॲम्पिअर-तासांची) बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. आईचा बटणांचा फोन चार-पाच वॉट-तासांत भरतो. तीन वॉटचे दोन दिवे संध्याकाळी पाच तास लावले तर ३० वॉट-तास. यूएसबीवर चालणारा लहान टेबलपंखा पाच वॉटचा धरून रात्रीचे आठ तास चालवला तर ४०. रेडिओ नगण्य. आईचे सध्याचे नेब्युलायझर कॉम्प्रेसरचे असेल तर ते दीडशे वॉटच्या आसपास खाते, म्हणजे पंधरा मिनिटांच्या तीन वाफा घेतल्या की शंभरावर वॉट-तास गेले. घरातल्या बाकी सगळ्या गरजांहून हा एकटा आकडा मोठा आहे. हा आकडा खाली आणला की दोघांची रोजची गरज शंभर वॉट-तासांच्या आत येते, आणि पंखा सोडला तर साठाच्या आत. एवढ्यासाठी पंचवीस हजारांची पेटी लागत नाही.

म्हणून नेब्युलायझरचा विचार सर्वांत आधी करा. हातात मावणारी, जाळीच्या कंपनाने वाफ करणारी मेश नेब्युलायझर यंत्रे हल्ली सहज मिळतात. ती दोन-तीन वॉटांत चालतात, साध्या पेन्सिल सेलवर किंवा यूएसबीवर चालतात आणि त्यांचा आवाजही होत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आईचे औषध त्या यंत्रातून देण्यास योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारूनच यंत्र घ्या, कारण सर्व औषधे सर्व प्रकारच्या यंत्रांतून सारखी जात नाहीत. दुसरे म्हणजे त्या जाळीची भोके अतिशय सूक्ष्म असतात. वापरानंतर ती धुतली नाही तर औषध सुकून जाळी बंद पडते आणि ऐन वेळी यंत्र नुसते गुणगुणते, वाफ येत नाही. आणि डॉक्टरांकडे जाणारच आहात तर स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) लावून घ्यायचा पंप आईला तातडीसाठी चालेल का हेही विचारा. त्याला वीज मुळीच लागत नाही. माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाणारा सल्ला आहे, पण आणीबाणीत ज्याला वीज लागत नाही त्या वस्तूइतकी भरवशाची वस्तू नसते.

इन्सुलिनसाठी लोक मला गाडीत ठेवायचा छोटा फ्रिज विचारतात. तो घेऊ नका. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, एक तापणारी-गार होणारी पट्टी असते. ती चाळीस-पन्नास वॉट सतत खाते, म्हणजे दिवसाला हजाराच्या आसपास वॉट-तास, आणि एवढे खाऊनही आतले तापमान बाहेरच्या हवेच्या मानानेच खाली जाते. वापरात असलेले इन्सुलिन फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालते. नेमकी मुदत आणि तापमान त्या-त्या इन्सुलिनच्या वेष्टनातील पत्रकात छापलेले असते, ते वाचून खुणेचा कागद डब्यावर चिकटवा. न उघडलेला साठा मात्र २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर चार महिन्यांचा साठा घरात करू नका. महिन्याभराचाच ठेवा, म्हणजे फ्रिज बंद पडला तरी तो मुदतीत वापरून होईल. माठात किंवा ओल्या वाळूच्या दोन भांड्यांत औषध ठेवण्याची युक्ती चांगली आहे, पण ती विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात जेवढा गारवा देते तेवढा कोकणात जूनमध्ये देत नाही, कारण हवाच पाण्याने भरलेली असते आणि माठाचे पाणी उडून जायला जागा नसते. दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी पुष्कळ समजायचे. तरीही चुलीपासून आणि पत्र्याच्या छपरापासून दूर, माजघरातल्या खालच्या फडताळात माठाशेजारी ते ठेवावे. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. ग्लुकोमीटरचा आणि रक्तदाबाच्या यंत्राचा सेलचा एक-एक जादा जोड डब्यात असू द्या. यांचे सेल संपल्याचे नेहमी अशाच वेळी कळते.

पॉवर बँककडे वळू. खोक्यावर २०,००० मिलिॲम्पिअर-तास लिहिलेले असते ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचे असते, म्हणजे ७४ वॉट-तास. आपल्याला ते ५ व्होल्टवर मिळतात, आणि चढवताना थोडी वीज उष्णतेत जाते, त्यामुळे हाती साठ-पासष्ट वॉट-तास, किंवा त्याच भाषेत बारा-तेरा हजार, एवढेच येतात. यात फसवणूक नाही. चांगले कंपनीवाले हा खरा आकडाही ‘रेटेड’ म्हणून बारीक अक्षरांत छापतात. तो छापलेला नसेल तर वस्तू परत ठेवा. भारतीय मानक ब्यूरोचा मानकक्रमांक आणि त्याखाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पॉवर बँकवर असावाच लागतो, आणि तो ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकून दुकानातच पडताळून पाहता येतो. याहून सोपी परीक्षा किराणा दुकानातल्या काट्यावर होते. आजच्या लिथियम सेलने ७४ वॉट-तास साठवायचे तर नुसते सेलच तीनशे ग्रॅमच्या आसपास जातात; तेव्हा वीस हजारी म्हणवणारी पॉवर बँक दोनशे ग्रॅमची भरली तर आत काय नाही ते उघडून पाहायची गरज नाही. मी मात्र एकदा उघडून पाहिली होती. एका गिऱ्हाइकाने बाजारातून स्वस्तात आणलेली, हातात चांगली जड लागणारी पॉवर बँक फोन एकदाही पुरता भरत नव्हती. कवच काढले तर आत एकच सेल होता आणि उरलेल्या जागेत लोखंडाची चपटी पट्टी डिंकाने चिकटवलेली होती. म्हणजे वजन कमी असणे हा खोटेपणाचा पुरावा आहे, पण वजन भरणे हा खरेपणाचा पुरावा नाही. टॉर्चच्या गोल सेलचेही तसेच. अठरा मिलिमीटर जाडीच्या त्या नेहमीच्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच क्षमता मावते. त्यावर ९,९०० छापले असेल तर तो सेल घरात आणू नये.

तुमच्या घरासाठी मी एक वीस हजारी आणि दोन दहा हजारी पॉवर बँका घ्यायला सांगेन. चाळीस हजारी एकच का नाही, तर वीस हजारी घरात राहील आणि दहा हजारी फिरत्या राहतील. एक गिरणीवर किंवा शेजाऱ्याच्या गाडीत भरत असते तेव्हा दुसरी घरात चालत असते, आणि शेजारच्या मुलाकडे हजार रुपयांची वस्तू द्यायला वडिलांना जेवढा संकोच वाटेल त्याहून चार हजारांची द्यायला अधिक वाटेल, हेही आहेच. विकत घेताना ती किती वेगाने फोन भरते हे विक्रेता सांगतो. तुम्ही ती स्वतः किती वेगाने भरते ते विचारा. दहा वॉटने भरणारी वीस हजारी पॉवर बँक रिकामी असेल तर भरायला नऊ-दहा तास घेते, म्हणजे गिरणीवरच्या दोन तासांत ती पाव हिश्शाच्या आसपासच भरेल. तीच तीस वॉटने भरणारी असेल तर त्याच दोन तासांत निम्म्याच्या पुढे जाते. त्यासाठी भिंतीतला अडॅप्टरही तेवढ्याच ताकदीचा लागतो, आणि तो पॉवर बँकेच्या खोक्यात बहुधा नसतो; तो वेगळा घेऊन तिच्याच पिशवीत ठेवावा.

घरातल्या सर्व वस्तूंची भरण्याची पिन एकच, टाइप-सी, असेल असे पाहा. आईला अंधारात चार प्रकारच्या केबली चाचपायला लावू नयेत. यातही एक खोच आहे. स्वस्त टॉर्च आणि दिवे यांना टाइप-सीचे भोक असते, पण आत दोन बारीक रोधक बसवायचे कंपनीने वाचवलेले असतात. त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ते भरतच नाहीत आणि दिवा बिघडला असे माणसाला वाटते. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली केबल लावली की ते निमूट भरू लागतात. तशा दोन केबली डब्यात ठेवाव्यात. पॉवर बँकेचाही एक स्वभाव माहीत असावा : फार थोडी वीज ओढणारा लहानसा दिवा लावला तर फोन भरून झाला असे समजून ती काही सेकंदांत स्वतःच बंद होते. दिवा आणि पॉवर बँक यांची जोडी घरी लावून अर्धा तास जळत ठेवून पाहिल्याशिवाय ती जमते असे धरू नका.

दिव्यांबाबत माझे मत थोडे कडवट आहे, आणि त्याला कारण आहे. निसर्गच्या दिवशी माझ्याच घरातला, भिंतीला टांगलेला इमर्जन्सी लाइट लागला नाही. तो जुन्या पद्धतीचा, आत चार व्होल्टची शिशाची बॅटरी असलेला होता. लॉकडाउनमध्ये मी इतरांची कामे थांबली म्हणून घरात बसून होतो, तरी त्याला दोन महिने पिन लावायचे सुचले नव्हते. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरते आणि मग ती कितीही वेळ पिनेला लावली तरी भरल्याचे नुसते नाटक करते. असे दिवे आजही स्वस्तात विकले जातात. पावसाळ्यापुरती आठवण होणाऱ्या घरात ते घेऊ नयेत. लिथियम बॅटरीचेच घ्यावेत, जे भरून ठेवले तर तीन-चार महिन्यांनीही बराचसा भार राखतात.

आपल्या होल्डरमध्ये बसणारे, लाइट गेल्यावर आपोआप आतल्या बॅटरीवर जळणारे इन्व्हर्टर बल्ब तुम्ही पाहिले असतील. घरातल्या घरात ये-जा करायला ते फार सोयीचे आहेत. नऊ वॉटचा बल्ब बॅटरीवर आल्यावर मंद होतो आणि साधारण तीन-चार तास पुरतो. मात्र बटण चालू आहे आणि लाइट गेली आहे, हे तो तारेतून पलीकडे वाट मिळते की नाही यावरून ओळखतो. वादळात आपण मेन पाडून ठेवतो, किंवा खांबावरून घरात येणारी तारच तुटते, तेव्हा ती वाट मिळेलच असे नाही. त्यामुळे नेहमीच्या खेपेला लागणारा बल्ब नेमक्या त्या रात्री कधी लागतो, कधी लागत नाही. आजच मेन पाडून बघा. लागला नाही तरी तो निरुपयोगी नाही, कारण काढून हातात घेतला आणि खालच्या दोन टोकांना बोटे लावली तरी तो पेटतो. काही बल्बांबरोबर आकडा असलेली टोपी येते, ती लावून तो खुंटीला टांगता येतो. असे दोन बल्ब, एक माजघरात आणि एक न्हाणीच्या वाटेवर, पुरेत.

याशिवाय दोघांना एक-एक हेडटॉर्च घ्या. वयस्क माणसाने एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात छत्री धरून ओल्या पायऱ्या उतरू नयेत. डोक्याला बांधलेल्या टॉर्चने एक हात कठड्याला मोकळा राहतो. प्रखरपणाच्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. घराच्या आवारात दीडशे-दोनशे ल्युमेन भरपूर होतात, आणि हजार ल्युमेनचा टॉर्च त्या प्रखरपणाला काही मिनिटेच टिकून मग आपोआप उतरतो. त्यापेक्षा सर्वांत मंद पायरीवर तो किती तास जळतो हे पाहावे.

रेडिओ घ्यावा का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण मी घ्यायला सांगेन. मोबाइलच्या टॉवरची बॅटरी काही तासांची असते, त्यापुढे तिथे डिझेल पोचावे लागते, आणि रस्त्यात झाडे पडलेली असतील तर ते पोचत नाही. निसर्गनंतर फोन भरलेला असूनही तो नुसता टॉर्च म्हणून वापरणारी माणसे मी पाहिली. रेडिओ एफएम आणि मध्यम लहर दोन्ही असलेला, साध्या सेलवर चालणारा घ्यावा. सेल गावच्या दुकानात मिळतात आणि तोही भरण्याचा एक मार्गच झाला. दऱ्याखोऱ्यांत एफएम अडते, म्हणून तुमच्या घरात कोणते केंद्र कुठल्या खिडकीपाशी लागते हे आधी शोधून काट्याच्या जागी खूण करून ठेवा. फोनला रेंज नसेल तेव्हा तो टॉवर शोधत राहतो आणि अर्ध्या दिवसात उतरतो. तासाला पाच मिनिटेच चालू करून बाकी वेळ विमानाची खूण दाबून ठेवायला वडिलांना शिकवा. बोलणे होत नसले तरी साधा संदेश बहुधा निघतो. विजेच्या तक्रारीचा १९१२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीचा ११२ हे क्रमांक जाड अक्षरांत डब्याच्या झाकणावर लिहा. राउटरला लावायचा छोटा यूपीएस तासा-दोन तासांच्या भारनियमनात उत्तम काम देतो, पण वादळात खांबांबरोबर फायबरची केबलही पडते. तो या यादीत शेवटी.

आता तिसऱ्या दिवसाचा प्रश्न. लोकांना वाटते घडीचे सौर पॅनेल घेतले की चिंता मिटली. मे महिन्यात शंभर वॉटचे पॅनेल दिवसाला साडेतीनशे-चारशे वॉट-तास देते. जुलैच्या झडीत त्याच पॅनेलने पन्नास दिले तरी नशीब. वादळ आणि पूर यांत इथे फरक करावा लागतो. निसर्ग ३ जूनला आले आणि मोसमी पाऊस राज्यात ११ जूनला दाखल झाला. मधल्या दिवसांत ऊन पडत होते आणि ज्यांच्याकडे पॅनेल होते त्यांचे चालले. तौक्ते वादळही २०२१च्या मे महिन्याच्या मध्यास किनाऱ्याजवळून गेले. पण त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडाले तेव्हा पाऊस असा होता की पॅनेलचा उपयोग वर ताडपत्री म्हणूनच झाला असता. तुमच्या घरी आता पॅनेल घेऊ नका. त्याऐवजी सातशे-आठशे रुपयांत गाडीच्या लायटरच्या खोबणीत बसणारा, तीस वॉटच्या वरचा टाइप-सी चार्जर घ्या. तुमच्या गावात रिक्षा, टेम्पो, कोणाची तरी गाडी असतेच. गाडी दापोलीला जाऊन येईपर्यंत दहा हजारी पॉवर बँक भरून येते. मात्र इंजिन बंद असताना तासन्‌तास भरत ठेवू नये, नाहीतर गाडीच अडकायची. गिरणी, देऊळ किंवा ग्रामपंचायत यांपैकी जनरेटर कुठे आहे आणि तो चालवायची जबाबदारी कोणाकडे असते, हे आजच विचारून ठेवा.

हे झाल्यावर पॉवर स्टेशनचा विषय सोपा होतो. जाहिरातीतले सहाशे वॉट म्हणजे एका क्षणी किती जोर देईल. किती वेळ देईल ते वॉट-तासांवर ठरते, आणि तुमच्या बजेटच्या आसपास येणाऱ्या पेट्यांत ते अडीचशे-तीनशे असतात. घरातली अर्ध्या अश्वशक्तीची किंवा एक अश्वशक्तीची पाण्याची मोटर सुरू होताना चालू भाराच्या काही पट जोर मागते. ती अशा पेटीवर चालणार नाही. विहिरीला रहाट, दोर आणि कळशी ठेवा. मिक्सर एखाद-दोन मिनिटे चालेल, फ्रिज काही तास. सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट ही की, घरच्या पिनेची २३० व्होल्टची वीज बनवणारा भाग नुसता चालू ठेवला तरी आठ-दहा वॉट स्वतःच खात असतो. एक छोटा बल्ब लावून ती पेटी रात्रभर चालू राहिली तर बल्बाहून जास्त वीज पेटीनेच खाल्लेली असते. चिपळूणच्या पुरात तळमजल्यावरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बुडाल्या, कारण पन्नास-साठ किलोची बॅटरी ऐन वेळी कोणी उचलत नाही. तसे पाहिले तर चार-पाच किलोची पेटी बरी, पण तुमची आई माळ्याच्या जिन्यावरून ती नेऊ शकेल का, हा खरा प्रश्न आहे. पुढेमागे घेतलीच तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची, शुद्ध साइन लहर (घरच्या विजेसारखी वीज) देणारी घ्या, आणि दुरुस्तीचे केंद्र कोणत्या गावात आहे ते आधी विचारा. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणारा रुग्ण असता तर माझे उत्तर वेगळे असते. ते यंत्र तीनशे-चारशे वॉट सतत मागते, आणि तिथे पॉवर स्टेशनही पुरत नाही. भरलेला सिलिंडर आणि तालुक्याला हलवण्याची सोय हवी.

शेजारी पेट्रोलचा लहान जनरेटर असेल आणि तुमच्या घरालाही वीज देतो म्हणाला तर एक गोष्ट कटाक्षाने टाळा. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून उलटी घरात सोडण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. मेन चालू राहिली तर ती वीज तारेवरून डीपीपर्यंत जाते, तिथे उलटी चढून अकरा हजार व्होल्ट होते, आणि लाइन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेला वायरमन मरतो. आणि जनरेटर पडवीतही नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही.

माझ्या अंदाजाने नेब्युलायझर, तीन पॉवर बँका, अडॅप्टर, गाडीचा चार्जर, दोन हेडटॉर्च, दोन बल्ब, लहान पंखा आणि रेडिओ हे सारे दहा-बारा हजारांत बसते. उरलेल्या पैशांत घराच्या मेनला तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. भिंती भिजलेल्या असताना परत आलेल्या विजेच्या धक्क्यांचे अपघात मी अंधारातल्या अपघातांपेक्षा जास्त पाहिले आहेत.

हे सर्व एका घट्ट झाकणाच्या डब्यात, आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, मीठ, मिरच्या, सुकी मासळी भरता त्याच दिवसांत भरून ठेवा. आमच्याकडची खारी, दमट हवा पितळी टोके हिरवी करते, म्हणून बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाका आणि रेडिओतले सेल काढून कागदात गुंडाळा. पॉवर बँका गणपतीपर्यंत महिन्यातून एकदा पाहून भरून घ्याव्यात; त्यानंतर वर्षभर निम्म्या भरलेल्या ठेवल्या तर जास्त वर्षे टिकतात.

गावी जाल तेव्हा एका संध्याकाळी सातला मेन पाडा आणि नऊपर्यंत तुम्ही स्वतः कशालाही हात लावू नका. आई-वडिलांनाच सगळे करू द्या. माझ्या घरी हा प्रयोग केला तेव्हा कळले की हेडटॉर्चचे बटण आईच्या बोटाला लागतच नव्हते. बटणाभोवती नेलपॉलिशचा खरबरीत ठिपका दिला तेव्हा ते तिला सापडू लागले. तुमच्याकडे वेगळेच काही निघेल. ही खरेदी मात्र एप्रिलअखेर करा, म्हणजे हा प्रयोग मेच्या पहिल्या पंधरवड्यात होईल आणि सदोष निघालेली वस्तू बदलून घ्यायला हातात दोन आठवडे राहतील.